नवी आवृत्ति घ्यावी कीं जुनीच ठेवावी?

घरांतील एखादी वस्तु उत्तम चालत असतां ती टाकून नवी आणावी कीं काय, हा वाद कोणत्याहि कुटुंबाला नवा नाहीं. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं या वादाला निराळेंच रूप आलें. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. आणि यंत्र धडधाकट असतांनाहि मालकाला विचार करणें भाग पडलें कीं, ‘विंडोज ११’ घ्यावें कीं आहे त्यावरच भागवावें? हा प्रश्न दुकानदाराला विचारला तर एक उत्तर मिळतें, काटकसरी गृहस्थाला विचारला तर दुसरें. श्रोतेहो, आज आपण तो इतिहासाला विचारूं या.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी होय. कळफलक, पडदा, साठवणीची जागा हे राबणारे हात. लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रांचे कार्यक्रम ही मालकाची मर्जी. कोणता हुकूम कोणत्या हातीं द्यावयाचा हें मधला कारभारी ठरवितो. कारभारी बदलला म्हणजे वाडा तोच राहिला तरी वहिवाट बदलते. म्हणून हा बदल क्षुल्लक नव्हे.

आतां पूर्वीचे कारभारी पाहूं. १९९५ च्या ऑगस्टमध्यें ‘विंडोज ९५’ आलें व २००१ च्या ऑक्टोबरांत ‘विंडोज एक्सपी’. पुढें २००७ च्या आरंभीं ‘व्हिस्टा’ आलें, पण त्याचा भार त्या काळच्या पुष्कळ यंत्रांना पेलेना, आणि असंख्य लोकांनीं एक्सपीच चालू ठेवलें. २००९ सालच्या ‘विंडोज ७’ चें मात्र चांगलें स्वागत झालें. २०१२ सालीं ‘विंडोज ८’ नें पडद्याच्या कोपऱ्यांतील सरावाचें ‘स्टार्ट’ बटण काढून टाकलें; लोकांची कुरकुर एवढी झाली कीं, पुढच्याच वर्षीं ८.१ मध्यें तें परत आणावें लागलें. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेबारा वर्षें, चालली. या हकीकतीवरून एवढें स्पष्ट होतें कीं, येईल तें नवें घेणारा सदैव शहाणा ठरला नाहीं, आणि जुन्याला चिकटून राहणाराहि सदैव मूर्ख ठरला नाहीं.

परंतु हा सर्व इतिहास इंग्रजी वापरणाऱ्याच्या दृष्टीनें झाला. मराठी लिहिणाऱ्याचा इतिहास निराळा आहे, आणि आपल्याला तोच अधिक बोधप्रद आहे.

संगणक आपल्याकडे आला तो रोमन अक्षरें घेऊन. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ नांवाची एक प्रमाण संकेतपद्धति ठरविली, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें या क्षेत्रांत मोलाचें काम केलें. तथापि छापखान्यांत व कचेऱ्यांत जे निरनिराळे मराठी अक्षरसंच रूढ झाले, त्यांतील बहुतेकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. ज्याचा त्याचा संकेत वेगळा. एका यंत्रावर लिहिलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला कीं, तो विशिष्ट अक्षरसंच तेथें नसल्यास मजकुराऐवजीं रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. पडद्यावर मराठी होतें, पण यंत्राला तें मराठी आहे याची गंधवार्ता नव्हती.

ही स्थिति पालटली ती २००० सालच्या ‘विंडोज २०००’ या आवृत्तीपासून. जगांतील सर्व लिप्यांना एकच संकेत देणारी ‘युनिकोड’ पद्धति देवनागरीसाठीं तिच्यांत आली, आणि तिच्यासोबत आला ‘मंगल’ हा अक्षरसंच. त्याचे रचनाकार प्रा. र. कृ. जोशी हे मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अक्षरकलेचे अध्यापक होते. एक्सपीमध्यें ही सोय सीडी घालून निराळी बसवावी लागे. व्हिस्टापासून ती आपोआप मिळूं लागली. ज्या व्हिस्टाला जगानें नांवें ठेविलीं, त्याच व्हिस्टानें मराठी माणसाचा एक वळसा वांचविला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आणखी एक लहानसें अक्षर पाहा. ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्यें २००८ सालीं दाखल झाला. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें त्याला मराठी वर्णमालेंत स्थान दिलें. परंतु एक्सपीचा मूळ अक्षरसंच त्यापूर्वींचा; त्याच्या पडद्यावर या अक्षराच्या जागीं रिकामी चौकट उमटे. उलट १५ जुलै २०१० रोजीं केंद्र सरकारनें रुपयाचें नवें चिन्ह स्वीकारलें, तेव्हां ‘विंडोज ७’ ला त्यासाठीं नवी आवृत्ति लागली नाहीं; एक छोटी दुरुस्ती पुरेशी झाली. आवृत्ति आणि दुरुस्ती या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपल्या वादांत बहुधा त्यांचीच गल्लत होते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हें २०१७ सालानें जगाला शिकविलें. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रवी कार्यक्रम दीडशेंहून अधिक देशांत पसरला व कागदपत्रें कुलूपबंद करून खंडणी मागूं लागला. ज्या छिद्रांतून तो शिरला तें बुजविणारी दुरुस्ती कंपनीनें दोन महिने आधींच, मार्चमध्यें, दिली होती. बळी पडलेल्यांत बहुसंख्य यंत्रें जुनाट एक्सपीचीं नव्हतीं. तीं ‘विंडोज ७’ चीं, म्हणजे दुरुस्ती मिळत असूनहि ती न बसविलेलीं, होतीं. पुढें २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्यानें न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील मर्स्क समूहाच्या धक्क्याचें कामकाज ठप्प केलें. आणि हा उपद्रव मुळांत शिरला कोठून? युक्रेनमधील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या सुधारणेबरोबर! म्हणजे सुधारणा न घेणें जसें घातक, तसें सुधारणा कोणाच्या हातून येते हें न पाहणेंहि घातक.

आतां जुन्याच्या कैवाऱ्यांची बाजू ऐकूं, कारण ती पोकळ नाहीं. ‘विंडोज ११’ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना लागते, आणि इंटेलचे साधारणपणें २०१७ नंतरचेच प्रोसेसर त्याला चालतात. प्रणाली पात्र यंत्राला फुकट आहे. पण यंत्रच अपात्र ठरलें तर खर्च नव्या यंत्राचा होतो. शहरांतील कुटुंबाला तो गैरसोयीचा. परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीसारख्या गावीं त्याचा अर्थ निराळा होतो. अशा गावांत सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीचा कागद, हें सर्व पुष्कळदां एखाद्या छोट्या केंद्रांतील यंत्रावर अवलंबून असतें. तें यंत्र अकारण बदलावें लागलें तर भुर्दंड अखेर ग्राहकावर पडतो. आणि तें असुरक्षित राहून बंद पडलें तर पेरणीच्या दिवसांत गावाचें काम अडतें. दोन्ही बाजूंनीं किंमत तोच मनुष्य देतो, ज्याला या वादांत कोणी विचारीत नाहीं.

शिवाय प्रत्येक बदलांत कांहीं तरी मागें पडतें. मोडी लिपि शतकानुशतकें आपल्या दप्तरांची लिपि होती. छपाईनें बाळबोधीला बळ दिलें आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळाकचेऱ्यांतून गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल आजहि सुरक्षित आहेत. कागद आहेत, पण ते वाचणारीं माणसें थोडीं. १९९० च्या सुमारास जुन्या अक्षरसंचांत लिहिलेले ठराव, हिशेब, वंशावळी व कविता यांचीहि गत तीच होण्याचें भय आहे, आणि येथें तर शंभर वर्षें वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. अशा मजकुराचें युनिकोडमध्यें रूपांतर करण्याचीं साधनें आहेत; मात्र जुनें यंत्र चालू आहे तोंवरच तें काम सुखानें होतें.

तेव्हां इतिहासाचा कौल असा दिसतो. नवेपणा हा गुण नव्हे आणि दोषहि नव्हे. आपल्या यंत्राला दुरुस्ती मिळत आहे काय, हा पहिला प्रश्न. ती थांबली असेल तर त्या यंत्रावर पैशाचे व्यवहार करूं नयेत. यंत्र पात्र असेल तर ‘विंडोज ११’ घेण्यांत अनमान करण्याचें कारण नाहीं. पात्र नसेल तर घरगुती वापरासाठीं कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली, तिचा उपयोग विचार करण्यासाठीं आहे, विसरण्यासाठीं नव्हे. त्यापुढें लिनक्ससारखी मुक्त प्रणाली जुन्या यंत्राला पुष्कळदां नवें आयुष्य देते. आपल्या कामाचीं साधनें तीवर चालतात कीं नाहीं एवढें आधीं पडताळावें. दुसरा प्रश्न असा कीं, जुनें लिखाण बदलानंतर वाचतां येईल काय? त्याचें उत्तर ‘होय’ असें मिळेपर्यंत जुन्या यंत्रावरील एकहि कागद पुसूं नये.

कारभारी येतील व जातील. मालकानें आपलें दप्तर आपल्या हातीं ठेवावें, म्हणजे कोणत्याहि नव्या कारभाऱ्याचें भय उरत नाहीं.