नव्या पनवेलची सचित्र बखर

गावाला इतिहास असायचा तर आधी गावाचं वय झालेलं असावं लागतं, असा एक समज आहे. तो पसरवण्यात जुन्या पनवेलकरांचा मोठा वाटा आहे. जुना पनवेलकर बोलायला लागला की पाचव्या मिनिटाला 1852 वर येतो. त्या साली आमची नगरपालिका स्थापन झाली, हे तो अशा थाटात सांगतो, की पहिल्या सभेचं इतिवृत्त यानंच लिहिलं असावं. मग शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके येतात, पाठोपाठ कर्नाळ्याचा सुळका येतो, आणि आपण पुरेसे दबलो असं पाहून तो विचारतो, "म्हणजे तुम्ही नवीन पनवेलचे, नाही का?" यातला 'नवीन' तो 'नवशिके'मधल्या 'नव'सारखा उच्चारतो.

आता आम्ही नवीन, हे खरं. 1970 साली सिडको जन्माला आली, पुढं तिनं स्टेशनच्या पूर्वेला पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि त्या रेघांवर आम्ही राहायला आलो. आमच्याकडे आळी नाही, पेठ नाही, वाडा नाही, सेक्टर आहेत. नव्या पनवेलकराच्या पत्त्यात नावं कमी आणि आकडेच जास्त. ऐकणाऱ्याला वाटतं, हा पत्ता सांगतोय की मटक्याचा नंबर देतोय?

आमच्या जिन्यात आठ बिऱ्हाडं. एक खेडचं, एक कराडचं, एक गिरगावातली खोली सोडून आलेलं, आमचं एक, दोन केरळातली, एक तमिळ आणि एक कच्छी. एकाची ग्रामदेवता दुसऱ्याला ठाऊक नाही. पार नाही, आणि पारावरचा म्हाताराही नाही. फार काय, आमच्या कॉलनीत साधं भूतसुद्धा नव्हतं! भूत व्हायचं तर आधी तिथं कुणीतरी मेलेलं असावं लागतं. आमच्या भिंतींचा तर अजून रंगाचा वास गेला नव्हता. पोरांनी रात्री भ्यायचं कुणाला?

हा प्रश्न 1993 साली महेश कोठारे यांनी सोडवला. 'झपाटलेला' आला आणि नव्या पनवेलला तात्या विंचू मिळाला. ही कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून घेतली, असं विद्वान म्हणतात. म्हणोत बापडे! त्या अमेरिकन बाहुल्याला ना कूळ ना गोत्र. दुकानातला माल तो. आमच्या तात्या विंचूला घराणं आहे. त्याला घडवणारे रामदास पाध्ये, आणि त्यांच्या वडिलांनी, म्हणजे यशवंत पाध्ये यांनी घडवलेले ते अर्धवटराव. म्हणजे नात्यानं तात्या विंचू अर्धवटरावांचा पुतण्या झाला. चांगल्या घरातला मुलगा वाया जातो तेव्हा जास्त भीती वाटते, हे ज्यांच्या घरात पुतणे आहेत त्यांना सांगायला नको.

आमच्या आयांवर मात्र तात्याची मात्रा चालली नाही. खुनी तात्या झाले होते दिलीप प्रभावळकर, आणि आयांनी त्यांना आधीच दूरदर्शनवर चिमणराव म्हणून पाहिलेलं. "अगं बाई, हा तर आपला चिमण!" असं म्हणून आमची आई शेंगा सोलत बसली. पण वरच्या मजल्यावरचा मल्याळी दोस्त पुढचे दोन महिने पंपाच्या खोलीकडे एकटा गेला नाही. तोवर त्याला मराठी येत नव्हतं. ते तो भीतीपोटी शिकला. भाषाशिक्षणाची ही पद्धत आपल्या शिक्षण खात्याच्या नजरेतून सुटलेली दिसते.

बखरीचं दुसरं प्रकरण मोगलीचं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागलं की अख्ख्या सेक्टरात शुकशुकाट. माझं ठाम मत आहे, की तेवढं चांगलं कार्टून त्यापूर्वी झालं नाही आणि पुढंही होणार नाही. आणि मोगली आमच्यासारखाच फिरतीवरचा, हे तर बघा! त्याला लिहिणारा किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. गोष्ट घडते नागपूरच्या वर शिवनीच्या रानात. चित्रं काढली जपान्यांनी. हिंदी गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची. आणि शेरखानाचा आवाज? नाना पाटेकर! मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातले. जंगलातले इतर प्राणी शुद्ध हिंदीत बोलत असताना हा एकटा वाघ कोकणी खोतासारखा बोलायचा. जमीन आपली, वहिवाट आपली, हे पोर मधेच आलं कुठून, हा त्याचा मूळ मुद्दा होता, आणि जुन्या पनवेलकरांचाही आमच्याबद्दल तोच होता. 2016 साली डिस्नेनं नवा 'जंगल बुक' काढला तेव्हा हिंदीतल्या शेरखानासाठी त्यांना पुन्हा नानांकडेच यावं लागलं. वाघ बदलतो, वहिवाटदार बदलत नाही!

तिसरं प्रकरण व्हिडिओ गेमचं, आणि इथं पुरावे अस्सल आहेत. बखरकाराला ताम्रपट सापडावा तशी माझ्याकडे एक पिवळी कॅसेट आहे. तिच्या पट्टीवर तांबंही आहे. ती यंत्रात बसली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. फुंकरीनं काही होत नव्हतं, काढून परत बसवण्यानं काम व्हायचं, उलट थुंकीच्या ओलीनं पट्टी गंजायची, असं आता जाणकार सांगतात. सांगोत. मुलाला लागलं की आई फुंकर घालते, त्यानं काय जखम भरते?

"पत्ते कुटत बसू नका, काहीतरी आधुनिक करा," असं म्हणून कच्छी काकांनी हे यंत्र आणलं. ते ज्या जपानी यंत्राची नक्कल होतं, ते निन्टेंडो कंपनीनं 1983 मध्ये काढलं होतं. आणि ही निन्टेंडो 1889 साली क्योटोत निघाली ती पत्तेच छापायला! नशिबातले पत्ते असे चुकत नाहीत.

या यंत्रावर 1985 सालचा मारिओ भेटला. हा इसम धंद्यानं प्लंबर. राजकन्येला सोडवायला तो पाइपात शिरतो, कासवं तुडवतो, तीन वेळा मरतो. आमच्या कॉलनीत टाकीचा बॉलकॉक बिघडला तर तीन निरोप धाडूनही जो येत नाही तो प्लंबर, हीच आमची समजूत होती. त्यामुळे मारिओ ही परीकथा आहे, हे आम्हाला लगेच कळलं.

पण खरा खेळ 'काँट्रा'. एक निळा गडी, एक लाल. मी निळा, वरचा दोस्त लाल. अलीकडचे खेळ सिनेमासारखे दिसतात, शंभर शंभर तास चालतात, हे सगळं मान्य; पण काँट्रात जी नीती होती ती कुठंच नाही. एकाचे जीव संपले तर तो दुसऱ्याच्या शिल्लकीतला जीव घेऊन खेळू शकायचा. आमच्या जिन्यात वाटीभर साखर अशीच वर-खाली जात असे, त्यामुळे हा नियम आम्हाला कुणी समजावून सांगावा लागला नाही. आणि तो धबधब्याचा टप्पा! तिथं खडकांवर उड्या मारत वर चढायचं. पण एकानं घाई केली की पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेला मरायचा. गोळी नाही, शत्रू नाही. केवळ जोडीदार पुढं गेला म्हणून! लाल गड्याला घाई फार. मी त्या धबधब्यावर किती वेळा मेलो, त्याची मोजदाद नाही.

चौथं प्रकरण थोडक्यात. 1995 साली केबलवर कार्टून नेटवर्क आलं आणि आठ बिऱ्हाडांना एक भाषा मिळाली. टॉम आणि जेरी 1940 पासून भांडतायत, पण बोलत जवळपास नाहीत. त्यामुळे कराडची आजी आणि तमिळ आजी शेजारी बसून एकाच वेळी हसायच्या. पुढं त्या रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाऊ लागल्या. बोलायच्या काय, ते टॉमलाच ठाऊक.

आता या बखरीचे पुरावे नाहीसे होत चालले आहेत. 'डक हंट'चं पिस्तूल घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलाचा डोळा तो उजेड टिपतो. ही करामत जुन्या काचेच्या नळीवरच चालते. आजच्या चपट्या टीव्हीला चित्र उमटवायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात सगळं हुकतं. मी भाच्याला दाखवायला गेलो तर बदक मरेना. नव्या पनवेलमधली बदकं आता अमर झाली आहेत. भाच्यानं विचारलं, "मामा, हा गेम बिघडलाय का?" आता इतिहासाचं काय बिघडतं, ते त्याला कसं सांगायचं?

त्यातच आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. 25 डिसेंबर 2025 पासून विमानतळावर विमानं उतरू लागली, तेव्हापासून तर चौरस फुटाखेरीज कुणी बोलतच नाही. परवा सह्या करायला सगळे जुने सभासद जमले. त्यात आखातातून लाल गडीही आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. सभेत बिल्डरच्या माणसानं नव्या टॉवरचा नकाशा लावला. पंपाची खोली कुठं जाणार, असं त्यानं विचारलं, आणि आम्ही दोघंच हसलो. बाकीच्यांना वाटलं, आमची काहीतरी हरकत आहे.

सभा संपल्यावर त्याला जुनी खोली एकदा पाहायची होती. चार मजले, लिफ्ट नाही. तो पुढं, मी मागं. दुसऱ्या मजल्यावर माझा दम गेला आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. तो वरच्या वळणावर थांबला. खाली वाकून म्हणाला, "ये सावकाश. तू येईपर्यंत मी हलत नाही."

तीस वर्षं आखातात राहूनही त्याचं मराठी तात्या विंचूच्याच वळणाचं आहे.