होमार्पण आणि संहार

हेमलकसा म्हटले की लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तो भामरागडच्या अरण्यात माडिया गोंडांसाठी सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपल्या हयातीचे काम मानला. १९८० च्या दशकात या प्रदेशावर दोन धरणांचे सावट आले : गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम. अरण्य बुडणार, आदिवासी उठणार, म्हणून बाबांनी विरोध केला. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. धरणे झाली नाहीत.

झाली असती तर वृत्तपत्रांनी लिहिले असते, ‘गावांना जलसमाधी’. समाधी योगी स्वेच्छेने घेतो. गाव मात्र बुडविले जाते. विस्थापितांच्या ‘त्यागा’चे गोडवे गातानाही हेच होते. त्याग करणाऱ्याला कोणी विचारलेले नसते!

इंग्रजीतील ‘होलोकॉस्ट’ या शब्दाची कथा अशीच आहे. त्याचे मूळ ग्रीक : ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, ‘कौस्तोस’ म्हणजे जाळलेले. हिब्रू ‘ओला’ या यज्ञासाठी ग्रीक बायबलने तो योजिला. इतर काही बलिदानांतील मांस याजक व भाविक खात. यात कातडे वगळता सारा पशू वेदीवर जळे. अब्राहामाला इसहाकाविषयी झालेल्या आज्ञेत लॅटिन बायबल ‘होलोकॉस्टुम’ म्हणते, जुने कॅथलिक इंग्रजी भाषांतर ‘होलोकॉस्ट’, आणि मराठी बायबल ‘होमार्पण’.

पुढे इंग्रजीत हा शब्द वेदीवरून खाली उतरला. मोठी आग, सरसकट कत्तल, असे अर्थ त्याला चिकटले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. कालांतराने त्या संहाराचे तेच नाव रूढ झाले. पण अर्पण कोणी केले, आणि कोणत्या देवाला? म्हणूनच अनेक ज्यूंना हा शब्द सलतो. ते ‘शोआ’ म्हणतात, म्हणजे घोर आपत्ती, उजाडपणा. सफन्याच्या ग्रंथात परमेश्वराच्या क्रोधदिनाच्या वर्णनात हा शब्द येतो. व्हॅटिकनने १६ मार्च १९९८ रोजी या विषयावर निवेदन काढले, तेव्हा त्याच्या शीर्षकातही ‘शोआ’च घातला. ही निवड मला मोलाची वाटते.

मराठी वाचक उत्पत्तीच्या पुस्तकात ‘होमार्पण’ वाचतो आणि वृत्तपत्रात ‘होलोकॉस्ट’. दोन्ही एकच, हे त्याच्या ध्यानी येत नाही. ‘जलसमाधी’ला मात्र अजून आपल्याकडे दुसरा शब्द रुळलेला नाही.