सिम गावाला ठेवण्याचा हिशेब

नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकमधून, किंवा त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावातून, कुणी शिकायला जर्मनीला किंवा नोकरीला दुबईला निघाले की त्याला एक सल्ला हमखास मिळतो : भारतातले सिम बरोबर नेऊ नकोस, घरी ठेव. जुन्या बटनाच्या फोनमध्ये टाकून देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावू. बँकेचा ओटीपी आला की वडील व्हॉट्सॲपवर वाचून दाखवतील. परदेशात मेसेज घ्यायला पैसे पडतात, ते कशाला घालवायचे?

हा सल्ला देणारी माणसे अडाणी नसतात. त्यांतले काही स्वतः दहा-बारा वर्षे आखातात राहून आलेले असतात. म्हणून पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. त्यात तीन विधाने आहेत. पहिले, रोमिंगवर येणारा एसएमएस महाग पडतो. दुसरे, सिम घरी राहिले तर तो खर्च वाचतो आणि काम अडत नाही. तिसरे, एवढे करूनही अडलेच तर परदेशातला नंबर बँकेत लावता येतो किंवा इंटरनेटवरचा फुकट नंबर वापरता येतो. तिन्ही विधाने इतकी रूढ आहेत की ती कुणी तपासत नाही. माझे म्हणणे असे की पहिले चूक आहे, दुसरे त्याहून चूक आहे, आणि तिसऱ्यात जेमतेम अर्धे सत्य आहे.

पहिल्या समजाला इतिहास आहे. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. त्या काळी केलेल्या कॉलला पैसे पडत तसे आलेल्या कॉललाही पडत, आणि दर मिनिटाला पंधरा-सोळा रुपयांपर्यंत होता. येणारा कॉल फुकट झाला तो 2003 च्या मे महिन्यापासून. त्यानंतरही राज्याबाहेर गेले की रोमिंगचे पैसे कापले जात. मिस्ड कॉल देण्याची अख्खी विद्या आपण त्या दरांमुळे शिकलो. अमेरिकेत तर मेसेजचेही तसेच होते : 2008 च्या सुमारास तिथल्या मोठ्या कंपन्या पॅक नसलेल्या ग्राहकाकडून एका एसएमएसचे 20 सेंट घेत, आणि ते पाठवणाऱ्याकडून घेत तसे घेणाऱ्याकडूनही घेत. तिथे राहिलेल्या पिढीने ‘मेसेज घ्यायलाही पैसे’ हे अनुभवाने सांगितले. अनुभव खरा होता, पण तो तिथल्या नंबरचा होता आणि त्या काळचा होता.

आज भारतातल्या मोठ्या खासगी कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या दरपत्रकात येणारा एसएमएस फुकट असतो. येणाऱ्या कॉलला पैसे पडतात, केलेल्या कॉलला पडतात, पाठवलेल्या एसएमएसला पडतात, डेटाला तर भरमसाट पडतात. दुकानदार हजारो रुपयांचा रोमिंग पॅक सुचवतो तो या चार गोष्टींसाठी. नुसता ओटीपी घ्यायचा असेल त्याला पॅकची गरज नाही; त्याला रोमिंगची सेवा चालू असणे पुरते. पॅक आणि सेवा या दोन गोष्टींची गल्लत हेच या समजाचे मूळ आहे. एक मात्र कबूल केले पाहिजे : प्रीपेडवर ही सेवा सुरू करण्याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या आहेत, आणि कुठे त्यासाठी आधी एखादा रिचार्ज मारावा लागतो. ते निघण्याआधी विचारून घ्यावे आणि सेवा भारतात असतानाच चालू करून घ्यावी.

एसएमएस फुकट का देता येतो, यामागे यंत्रणेचे कारण आहे. फोन आणि मनोरा यांच्यात कॉल जुळवण्यासाठी, ‘मी इथे आहे’ हे कळवण्यासाठी सतत बारीक संकेत जात असतात. एसएमएसची कल्पना त्या संकेतांच्या वाटेवर उरलेल्या जागेतून निघाली. म्हणून तो 140 बाइटांचा, म्हणजे इंग्रजीत 160 आणि देवनागरीत जेमतेम 70 अक्षरांचा. बँकेने पाठवलेला मेसेज आधी आपल्या भारतातल्या कंपनीच्या केंद्रात येतो. कंपनी आपल्या नोंदवहीत पाहते की हा ग्राहक सध्या म्युनिकमधल्या अमुक नेटवर्कवर आहे, आणि मेसेज तिकडे ढकलते. कॉलसारखी आवाजाची वाट मिनिटामिनिटाने अडवून ठेवावी लागत नाही. बँकेच्या दृष्टीने तो भारतातल्याच नंबरला गेलेला देशी मेसेज असतो.

‘पण बिल येते ते येतेच’ असे म्हणणारे भेटतात. तेही खोटे बोलत नसतात. ते बिल सहसा पोस्टपेडचे असते, आणि डेटा रोमिंग बंद करायचे राहून गेल्यामुळे किंवा न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे वळल्यामुळे आलेले असते. प्रीपेड सिममध्ये टॉकटाइमची शिल्लक शून्य असेल तर कापायला काही उरतच नाही. डेटा रोमिंग बंद, कॉल दुसरीकडे वळवणे बंद, शिल्लक शून्य. एवढ्यावर सिम महिनोन् महिने परदेशी फोनच्या दुसऱ्या खणात पडून राहते आणि ओटीपी घेते.

आता दुसरे विधान. सिम घरी ठेवल्याने पैसे वाचतात म्हणे. कोणते? सिम जिवंत ठेवायला रिचार्ज लागतो, तो सिम फ्रँकफर्टमध्ये असले तरी लागतो आणि कोऱ्हाळ्यात असले तरी लागतो. वैधता संपली की काही दिवसांत येणारे मेसेजही थांबतात, मग फोन देव्हाऱ्याशेजारी असो नाहीतर तिजोरीत. म्हणजे ज्या खर्चाच्या भीतीने सिम मागे ठेवले तो मुळात नव्हता, आणि जो खर्च खरा आहे तो टळलेला नाही.

तो खरा खर्चही अलीकडे आटोक्यात आला आहे. पूर्वी वर्षभर नंबर राखायचा तर नको असलेला डेटा विकत घ्यावा लागे. दूरसंचार नियामक ट्रायने 2024 च्या डिसेंबरात कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे व्हाउचर देणे बंधनकारक केले आणि त्यांच्या वैधतेची कमाल मर्यादा 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. लगेच 2025 च्या जानेवारीत अशी व्हाउचरे बाजारात आली. एअरटेलचे वर्षाचे 1,849 रुपयांना होते. दिवसाला पाच रुपये. दर पुढे-मागे होतील, पण स्वस्त मार्ग शोधायचा तो या रकमेत, रोमिंगमध्ये नाही. प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर 90 दिवसांच्या वापराअभावी नंबर काढून घेता येत नाही, असाही ट्रायचा 2013 पासूनचा नियम आहे. त्याच्या जोरावर ‘वीस रुपयांत सिम जिवंत’ असे सांगत फिरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की नंबर आपल्या नावावर राहणे आणि त्यावर मेसेज येत राहणे या दोन गोष्टी एक नाहीत.

पैशाचे एवढे पुरे. सिम घरी ठेवण्यावरचा माझा मोठा आक्षेप वेगळा आहे, आणि तो कुणी मांडत नाही म्हणून इथे थोडे थांबतो. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक परिपत्रक काढले. खात्यातून परस्पर पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवले आहे. ग्राहकाच्या बाजूचे ते मोठे परिपत्रक आहे : दोष बँकेचा असेल तर ग्राहकाला तोशीस नाही, आणि दोष तिसऱ्याच कुणाचा असला तरी तीन कामकाजी दिवसांत कळवले तर नाही. पण त्यातच एक कलम असे की ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने, उदाहरणार्थ व्यवहाराची गुप्त माहिती दुसऱ्याला देऊन, नुकसान ओढवून घेतले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. वडिलांनी मुलाला ओटीपी वाचून दाखवणे यात घरच्या न्यायाने काहीच गैर नाही. बँकेच्या न्यायाने मात्र मुलाच्या खात्याची किल्ली कायम दुसऱ्या माणसाकडे आहे, आणि ती किल्ली फोनवर मोठ्याने वाचून दाखवायची त्या माणसाला सवय लागलेली आहे. ‘तुमच्या मुलाच्या बँकेतून बोलतोय, आत्ता आलेला आकडा सांगा’ असा फोन आला की वडील तो सांगणार. इतके दिवस ते तेच तर करत आले आहेत. आकडा कुणालाही सांगू नका असे बँका घसा फोडून सांगतात आणि आपण ज्येष्ठांना नेमका सांगण्याचा सराव देतो.

वेळेचाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे अडीच. ओटीपी काही मिनिटांत मरतो. शेतीची लाइट रात्रपाळीची असेल आणि वडील उसाला दारे धरायला गेले असतील तर ते जागे सापडतील हे खरे, पण तो बटनाचा फोन घरी आहे.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. सिम हरवले किंवा बिघडले तर परदेशात बसून नवे काढणे फार जिकिरीचे असते. ज्याच्या नावावर सिम त्याची ओळख पटवावी लागते. आपल्याकडे मुलाचा नंबर पुष्कळदा वडिलांच्याच नावावर असतो, आणि मग ते बारामतीला जाऊन नवे सिम घेऊ शकतात. ही सोय खरी आहे. पण ती सिम वडिलांच्या नावावर असल्याची आहे, सिम वडिलांच्या घरात असल्याची नाही. नवे सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, हा दूरसंचार विभागाचा 2022 पासूनचा दंडक आहे. त्यामुळे घाईच्या वेळी या सोयीचाही भरवसा नाही.

तिसरे विधान दोन भागांत पाहू. इंटरनेटवरच्या फुकट नंबरांविषयी बोलायलाच नको : त्यांवर आलेला मेसेज जगातला कुणीही वाचू शकतो. परदेशातला स्वतःचा नंबर बँकेत लावणे हा मार्ग मात्र विचार करण्याजोगा आहे. परदेशी नोकरीला गेल्यावर परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधे बचत खाते अनिवासींचे, म्हणजे एनआरओ, करून घ्यावेच लागते. शिकायला गेलेल्यालाही 2003 पासून अनिवासीच धरतात. अशा खात्याला अनेक बँका परदेशी नंबर लावून देतात, ओटीपी ई-मेलवरही पाठवतात. यूपीआयलाही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2023 च्या जानेवारीत अमेरिका, ब्रिटन, अमिरात, सिंगापूर यांच्यासह दहा देशांचे नंबर खुले केले. पण जर्मनी त्या दहांत नव्हता. आणि आधार? आधारचा ओटीपी परदेशी नंबरावर येत नाही. गावाकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याची कितीतरी कामे आज आधारच्या ओटीपीवर येऊन अडतात. बँक परदेशी नंबरावर गेली तरी आधारसाठी भारतातला नंबर हवाच, मग तो स्वतःच्या हाती का नसावा?

यावर नव्या माहितीचा एक आक्षेप निघतो : एसएमएसचा ओटीपी आता जाणारच आहे. रिझर्व्ह बँकेचे 2025 च्या सप्टेंबरातले निर्देश 1 एप्रिल 2026 पासून लागू, आणि त्यांत ओटीपीखेरीज दुसरे मार्ग वापरायला बँकांना वाव दिला आहे, हे बरोबर. पण एसएमएसवर बंदी त्यात नाही. शिवाय ते दुसरे मार्ग बहुतेक फोनमधल्या ॲपचे, आणि ॲप पहिल्यांदा सुरू करताना नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये आहे ना हे तपासले जाते. यूपीआयचे ॲप त्यासाठी आपल्या फोनमधून स्वतः एक एसएमएस पाठवते. येणारा फुकट, हा जाणारा मात्र रोमिंगच्या दराने, आणि टॉकटाइम शून्य असेल तर जाणारच नाही. सिम कोऱ्हाळ्यात आणि ॲप ह्यूस्टनमध्ये असेल तर हा टप्पा पार होणेच नाही. व्हॉट्सॲपसारख्या ॲपनाही नोंदवलेले सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू देऊ नये, असे निर्देश दूरसंचार विभागाने 2025 च्या नोव्हेंबरात दिले. सरकारचा कल कोणीकडे आहे हे त्यावरून दिसते.

राहता राहिले यंत्राचे अडथळे, आणि सिम बरोबर नेऊनही ज्यांचे फसते त्यांचे बहुधा इथेच फसते. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन 2022 च्या चौदाव्या मॉडेलपासून सिमच्या खणाविना येतात; तिथे जाऊन नवा फोन घ्यायचा बेत असेल तर नंबर इथेच ई-सिमवर घ्यावा, कारण तो बदल करताना होणारी एसएमएसची देवाणघेवाण भारतीय नेटवर्कवर सुरळीत होते. सिंगापूरने 2017 मध्ये टू-जी बंद केले, अमेरिकेने 2022 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये थ्री-जी. म्हणून ‘मेसेजपुरता’ बरोबर नेलेला जुना बटनाचा फोन तिथे मुकाच राहतो, आणि दोष रोमिंगला दिला जातो. कधी चांगल्या फोनवरही दिवसभर मेसेज येत नाही; नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हाताने दुसरे निवडले की पुष्कळदा सुरू होतो.

उरले ते, ज्यांना परत यायचे नाही आणि नंबरच सोडून द्यायचा आहे. त्यांना माझा विरोध नाही, फक्त क्रम उलटा नको. रिचार्ज थांबवून नंबर आपोआप मरू देणारे पुष्कळ आहेत. बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस तसाच ठेवून मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, असे ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आहे. त्यानंतर तुमच्या विसरलेल्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. तेव्हा आधी बँका, मग भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, विमा आणि प्राप्तिकर यांतले नंबर एकेक करून बदलावेत. आधारवर घरच्यांपैकी कुणाचा नंबर लावायचा तर तोही आधी लावून घ्यावा. नंबर सोडायचा तो त्यानंतर.