दुपारची झोप आणि मधुमेह

‘दुपारी झोपू नये’ हे पथ्य सासूबाईंहून कितीतरी जुनं! चरकसंहितेत प्रमेहाची कारणं दिली आहेत: सुखानं बसून राहणं, खूप झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. लघवीला मुंग्या लागतात, ही खूणही तिथं आहे. पण त्याच ग्रंथात सूटही आहे. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून दुपारी झोपलेलं चालतं; कामानं, ओझ्यानं, चालण्यानं थकलेल्यांना तर एरवीही. आपल्या घरांत मात्र सूट पुरुषांना आणि पथ्य सुनेला! तासाहून लांब दुपारची झोप घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो, असं आजचे अभ्यास सांगतात. पण झोपेमुळेच तो होतो, हे सिद्ध झालेलं नाही. वाढलेल्या साखरेनंही थकवा येतो, पेंग येते. अशा बाईला आळशी म्हणण्याआधी तिची साखर तपासा. उपकेंद्रात तिशीपुढच्या बायका-पुरुषांची तपासणी मोफत होते.