नारायणगावची सुपारी

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी जे घाटावरचे आहेत, त्यांस ग्रामदैवताची यात्रा व त्या रात्रीचा तमाशा यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु तो तमाशा गावात आणण्याचा व्यवहार कसा होतो, हे लिहून ठेवण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही.

‘सुपारी’ हा शब्द हल्ली वृत्तपत्रे खुनाच्या कंत्राटास लावतात, हे त्या शब्दाचे दुर्दैव होय. विडासुपारी देणे म्हणजे मानाने पाचारण करणे. गावच्या पंचांनी फडाच्या मालकास सुपारी दिली, की अमुक तिथीचा खेळ ठरला.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे प्रमुख पीठ. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड येथलाच, आणि विठाबाई (१९३५–२००२) या भाऊंच्याच कन्या. गुढीपाडव्याच्या सुमारास निरनिराळ्या फडांच्या राहुट्या येथे पडतात. गावोगावची मंडळी एका राहुटीतून दुसरीत जातात, वगनाट्य कोणते, कलावंत किती, याची चौकशी करतात आणि मग घासाघीस सुरू होते. भाव ठरतो तो मुख्यतः तिथीवर. चैत्री पौर्णिमा किंवा कालाष्टमी या दिवशी अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात. फडास मात्र एका रात्री एकच गाव करता येते. साहजिकच त्या तिथीची सुपारी भारी पडते, तर आडदिवशीची बरीच हलकी. इसार दिला जातो व बाकी रक्कम यात्रेच्या वेळी चुकती होते. गावात ती लोकवर्गणीतून उभी राहते, म्हणून यात्रेतील खेळास तिकीट नसते. रात्रीच्या गण, गौळण, बतावणी व वग यांखेरीज दुसऱ्या सकाळची हजेरीही गावकऱ्यांस हवी असते. रात्रभर जागलेल्या कलावंतांनी उन्हात पुन्हा उभे राहावयाचे, याचा विचार घासाघीस करणारे फारसा करीत नाहीत.

ज्या कलावंतांच्या जातींस गावाने पाणवठ्यास शिवू दिले नाही, त्यांच्याच खेळावाचून गावच्या देवाची यात्रा पुरी होत नसे. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांनी ज्ञातीचा रोष पत्करून पवळाबाईंसमवेत फड उभा केला. ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

फडाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात कमाई नाही. मालक सावकाराकडून कर्ज काढतो, त्यातून कलावंतांस उचल देतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांवर ते फेडण्याची आशा धरतो. म्हणजे कित्येक कुटुंबांचे वर्ष या थोड्या दिवसांवर उभे असते. सन २०२० मध्ये पाडवा २५ मार्च रोजी आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. त्या वर्षी यात्रा भरल्या नाहीत; पुढल्या चैत्रातही तेच झाले. उचल मात्र आधीच वाटून झालेली होती.