‘दोन इंच पाणी लागलं’ म्हणजे नेमकं किती? बोअरच्या बिलावरचे शब्द समजून घ्या

उन्हाळा लागला की गावात बोअरची गाडी दिसायला लागते. आता तर शहरातल्या सोसायट्याही बोअर मारून घेतात. रात्रभर धडधड चालते, सकाळी धुळीने माखलेलं बिल हातात येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं: केसिंग, स्लॅब, फ्लशिंग. पैसे आपले, शब्द मात्र गाडीवाल्याचे.

विहिरीसाठी आपल्याकडे शब्दांची कमी नव्हती. खोली परसात मोजायची, पाण्याला झरा म्हणायचं. बोअर आला तो मशीनसोबत, आणि मशीनचे शब्दही तिच्यासोबतच आले. त्यात देशभर फिरणाऱ्या अनेक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. गाडीवरची पोरं तमिळ बोलणार, शेतकरी मराठी. मग मधला व्यवहार इंग्रजी शब्दांवरच चालतो.

सुरुवात डीटीएचपासून. ही टीव्हीची छत्री नव्हे. डाऊन द होल, म्हणजे हातोडा वर गाडीवर नाही, तर भोकाच्या तळाशी. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर चालवते आणि हॅमरच्या टोकाचं बिट दगड फोडतं. तीच हवा दगडाचा चुरा वर फेकते. कोरडी भुकटी उडतेय तोवर पाणी नाही. चुरा ओला, चिकट यायला लागला की समजायचं, ओल लागली.

आता पैशांचा मुद्दा. बोअरचा दर फुटावर असतो आणि खोली वाढली की दरही वाढतो. ठरावीक फुटांनंतर प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा, यालाच ‘स्लॅब’ म्हणतात. बांधकामातला स्लॅब डोक्यावर असतो, हा खिशावर येतो. म्हणून गाडी उभी राहायच्या आधीच स्लॅबचे दर कागदावर घ्या. खोली तपासायची सोपी युक्ती म्हणजे एका रॉडची लांबी टेपने मोजायची आणि आत गेलेले रॉड मोजत राहायचे. गुणाकार केला की फूट कळतात. हॅमर आणि बिटची लांबी तेवढी वर धरायची.

सगळ्यात जास्त वाद होतो तो केसिंगवरून. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये जो पाइप उतरवतात, तो केसिंग. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. तिथे केसिंग कठीण दगडात नीट बसेपर्यंत न्यावं लागतं, त्याखाली दगडच भिंतीचं काम करतो. जळगावकडच्या तापीच्या गाळाच्या पट्ट्यात हे चालत नाही. तिथे खालपर्यंत पाइप लागतो आणि पाण्याच्या थरापाशी चिरा पाडलेला पाइप टाकतात.

केसिंगचे पैसे वेगळे लागतात, म्हणून ‘कमीत भागवा’ असं मालकच म्हणतो. काही महिन्यांनी माती आत घसरते, मोटर अडकते आणि लोक म्हणतात, ‘बोअर कोलॅप्स झाला.’ बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. तो खोलवर असेल तर वरचं केसिंग चांगलं असूनही तिथे ढासळू शकतं. चुऱ्याचा रंग लाल दिसला तर किती फुटांवर दिसला, ते लिहून ठेवा. आणि केसिंगचे पाइप जमिनीवर असतानाच मोजा. एकदा आत गेले की कोण मोजणार?

आता ते ‘दोन इंच’. हा पाइपचा व्यास नाही. बोअरमधून येणारं पाणी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून सोडतात आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजतात. ९० अंशांच्या खाचेत १ इंच पाणी म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर. मग २ इंच म्हणजे १,००० का? नाही, जवळपास २,९००. आणि ३ इंच म्हणजे सुमारे ८,०००. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. त्यामुळे ‘दीड-दोन इंच असेल’ हा नजरेचा अंदाज फार महागात पडतो. शिवाय कॉम्प्रेसर जे पाणी उसळवतो, ते कायम टिकेलच असं नाही. खरा अंदाज काही तास मोटर चालवल्यावरच येतो.

फ्लशिंग म्हणजे शेवटी हवा मारून बोअर साफ करणं. गाडीला पुढच्या पॉइंटवर जायची घाई असते, पण गढूळपणा जाईपर्यंत ते थांबवू देऊ नका. सबमर्सिबल घेताना फक्त एचपी विचारू नका, ‘स्टेज’ही विचारा. त्याच एचपीत स्टेज जास्त म्हणजे पाणी जास्त उंच चढतं, पण कमी येतं.

बिल फुटात असलं तरी कायदा मीटरमध्ये आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार ६० मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे जवळपास २०० फुटांचा बोअर ‘खोल विहीर’ ठरतो. अधिसूचित क्षेत्रात अशा खोल विहिरींवर बंदी आहे.

बिलावर अनेकदा नसलेला शब्द म्हणजे कॅप. उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सूचना दिल्या. केसिंगच्या तोंडावर वेल्ड केलेली किंवा नट-बोल्टने घट्ट बसवलेली पोलादी प्लेट हवी, भोवती सिमेंटचा कट्टा हवा. आणि बोअर कोरडा गेला म्हणून सोडून द्यायचा असेल, तर माती, वाळू, दगडगोटे टाकून तो तळापासून जमिनीपर्यंत भरायचा. वर नुसता दगड किंवा गोणपाट ठेवून चालत नाही.