काशीच्या ‘ब्रह्ममनोऱ्या’ची वीस अंकी संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस अंकी पूर्ण संख्या गणिताच्या साहित्यात वाराणसीच्या नावाशी जोडली गेली आहे. २ च्या ६४ व्या घातातून १ वजा केल्यास ती मिळते.

फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे आठ चकत्यांचे कोडे प्रसिद्ध केले. पुढील वर्षी आंरी द पार्व्हिल यांनी त्याला काशीच्या मंदिराची कथा जोडली. विश्वनिर्मितीच्या वेळी ब्रह्मदेवाने हिऱ्याच्या तीन सुयांपैकी एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या रचल्या, असे त्या कथेत म्हटले आहे. पुजारी एका वेळी एकच चकती हलवतात आणि लहान चकतीवर मोठी ठेवत नाहीत. सर्व चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत होईल.

ही कथा प्राचीन भारतीय आख्यायिका म्हणून सांगितली जात असली, तरी तिचा उगम पॅरिसमधील आहे. पुढे तिच्यात काशी विश्वनाथाचे नावही आले. मात्र विश्वनाथाचे सध्याचे मंदिर अहल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये उभारलेले आहे.

कथा कल्पित असली तरी तिच्यातील गणित अचूक आहे. सर्वात खालची चकती हलवण्यासाठी वरच्या सर्व चकत्या आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर रचाव्या लागतात. त्यामुळे एक चकती वाढली की आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक एवढ्या चाली लागतात: १, ३, ७, १५ याप्रमाणे. आठ चकत्यांना २५५ चाली पुरतात. ६४ चकत्यांना, दर सेकंदाला एक चाल धरल्यास, सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. विशेष म्हणजे तळाची चकती या साऱ्या काळात एकदाच, नेमक्या मधल्या चालीला हलते.

ही संख्या मूळ संख्या नाही. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ हे तिचे सात मूळ अवयव होत. त्यांपैकी ६४१ ला इतिहास आहे. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या मूळ असावी, असा सतराव्या शतकात पिएर द फर्मा यांचा कयास होता. तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले. भागाकार ६७,००,४१७ येतो, म्हणजे यादीतील शेवटचा अवयव.

द्विमान पद्धतीत ही संख्या ओळीने ६४ वेळा १ अशी लिहिली जाते. त्यामुळेच ६४ बिटांत मावणारी ती सर्वात मोठी पूर्ण संख्या असून, संगणकाच्या प्रोग्रॅमरला ती वारंवार भेटते.